वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय : एक घर, दोन आघाड्या

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतून नारायणगुड्यामार्गे आबिड्सकडे यावे आणि नामपल्ली स्थानकाचा रस्ता धरावा, म्हणजे वाटेत ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ ही जुनी वास्तू लागते. सरोजिनी नायडू यांच्या पहिल्या काव्यसंग्रहाचे हे नाव. तो संग्रह १९०५ साली निघाला आणि पुढे तेच नाव वास्तूला चिकटले. कालांतराने ती हैदराबाद विद्यापीठाकडे गेली आणि विद्यापीठाचा आरंभीचा कारभार तिथूनच चालला. येणारा-जाणारा तिला सरोजिनीदेवींचे घर म्हणून ओळखतो. याच घराण्यातले दुसरे अपत्य, सरोजिनीदेवींच्या पाठचा भाऊ वीरेंद्रनाथ, याचे नाव मात्र आज फारसे निघत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या हेरखात्याला ज्या थोड्या हिंदी माणसांची खरी धास्ती वाटे, त्यांत या हैदराबादी बंगाल्याची गणना होत असे.

वडील डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय मूळचे पूर्व बंगालातल्या विक्रमपूरचे. एडिंबरो विद्यापीठाची विज्ञानातील डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि १८७८ च्या सुमारास निजामाच्या राज्यात आले. त्यांनी उभारलेल्या शिक्षणसंस्थेतूनच पुढे निजाम कॉलेज आकारास आले. गृहस्थ विद्वान, ब्राह्मो विचारांचे आणि दार मोकळे ठेवणारे. पंडित, मौलवी, शायर, फकीर आणि सोने बनवण्याच्या विद्येत रमलेले किमयागार यांचा त्यांच्या घरी राबता असे. किमयेचा नाद तर खुद्द अघोरनाथांनाही होता आणि त्यापायी त्यांनी बराच पैसा घालवला. आई वरदासुंदरी बंगालीत गीते रचत. आठ मुलांच्या या घरात बंगाली, उर्दू, तेलुगू आणि इंग्रजी एकाच वेळी कानी पडत. वीरेंद्रनाथांनी पुढे डझनभर भाषा आत्मसात केल्या, त्याचे मूळ या अंगणात शोधावे लागते.

राजकारण या घरात मुलांच्या आधी बापानेच आणले. हैदराबादहून चांद्यापर्यंत, म्हणजे आजच्या चंद्रपूरपर्यंत, लोहमार्ग नेण्याची योजना १८८३ साली निजाम सरकारपुढे होती. त्या व्यवहारात राज्याची तिजोरी परक्या भांडवलदारांच्या घशात जाईल, या शंकेने जाणत्या नागरिकांनी जाहीर चर्चा मागितली. अघोरनाथ त्यात अग्रभागी होते. सरकारने त्यांना राज्याबाहेर घालवले. काही वर्षांनी त्यांना परत घेण्यात आले खरे, पण सरकारी पगार घेणाऱ्या माणसाने सरकारला प्रश्न विचारले तर काय होते, ते मुलांनी लहानपणीच पाहिले. वीरेंद्रनाथांचा जन्म १८८० चा. बापाच्या हद्दपारीच्या वेळी ते तीन वर्षांचेही नव्हते.

त्या काळचे हैदराबाद म्हणजे काय, हेही ध्यानात घ्यायला हवे. तख्तावर निजाम, पण मुसी नदीच्या उत्तर तीरावर इंग्रज रेसिडेंट आणि सिकंदराबादेत इंग्रजी फौजेची छावणी. तैनाती फौजेच्या कर्जापोटी वऱ्हाड आधी गहाण पडला आणि १९०२ साली कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला. निजामाच्या राज्यातल्या मराठी माणसाला हे दुःख वेगळे सांगावे लागत नसे. राज्य निजामाचे आणि हुकूम रेसिडेंटचा, अशी ही दुहेरी ताबेदारी होती. अशा राज्यात एकाच घरातल्या मुलांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या, यात नवल काहीच नाही.

सरोजिनी घरातली थोरली. निजाम महबूब अली खान यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ती १८९५ साली विलायतेस गेली, किंग्ज कॉलेज आणि गर्टन येथे शिकली आणि परतल्यावर १८९८ साली डॉ. गोविंदराजुलू नायडू यांच्याशी विवाहबद्ध झाली. हे डॉक्टर निजामाच्या वैद्यकीय सेवेत होते. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसीला महापूर आला आणि शहराचा मोठा भाग वाहून गेला. त्या वेळी तिने केलेल्या मदतकार्याबद्दल सरकारने तिला ‘कैसर-ए-हिंद’ पदक दिले. थोडक्यात, राज्यकर्त्यांच्या लेखी ती आदरणीय विदुषी होती.

भावाची गोष्ट निराळी. मद्रास आणि कलकत्ता येथील शिक्षण आटोपून वीरेंद्रनाथ १९०२ साली आयसीएस होण्याच्या हेतूने विलायतेत दाखल झाले. ती परीक्षा साधली नाही, तेव्हा बॅरिस्टरीसाठी त्यांनी मिडल टेंपलमध्ये नाव घातले. पण त्यांचे खरे शिक्षण झाले ते लंडनच्या क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरील इंडिया हाऊसमध्ये. श्यामजी कृष्णवर्मा यांनी हिंदी विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या या वसतिगृहात १९०६ पासून विनायक दामोदर सावरकर राहत होते आणि वीरेंद्रनाथ त्यांच्या मंडळात ओढले गेले. ऑगस्ट १९०७ मध्ये स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत मादाम कामांनी हिंदुस्थानचा झेंडा फडकावला, तेव्हा तेही तिथे होते.

१ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये कर्झन वायली याला गोळ्या घातल्या. लंडनमधील हिंदी पुढाऱ्यांनी कॅक्स्टन हॉलमध्ये निषेधाची सभा भरवली. ठराव एकमताने मंजूर झाला असे म्हणू देण्यास सावरकरांनी नकार दिला. सभेत धक्काबुक्की झाली. दुसऱ्याच दिवशी ‘टाइम्स’मध्ये सावरकरांची बाजू घेणारे पत्र छापून आले आणि त्याखाली वीरेंद्रनाथांची सही होती. मिडल टेंपलने त्यांना काढून टाकले. बॅरिस्टरी संपली. एका पत्रापायी माणसाचे सारे आयुष्य दुसऱ्या रुळावर जाते ते असे. नोव्हेंबरात त्यांनी ‘तलवार’ नावाचे जहाल पत्र काढले आणि जून १९१० मध्ये अटकेचे वॉरंट चुकवून ते पॅरिसला पोचले. त्यानंतर महिन्याभराने सावरकरांनी मार्सेलिसच्या बंदरात बोटीतून उडी घेतली आणि पुन्हा पकडले जाऊन ते अंदमानाच्या वाटेला लागले. वीरेंद्रनाथ मात्र युरोपातच राहिले. हैदराबाद त्यांना पुन्हा कधीच दिसले नाही.

इथे मराठी वाचकाला एक गोष्ट विशेष जाणवेल. भावाने ज्यांच्याशी आपले नशीब बांधले ते सावरकर, आणि बहिणीने ज्यांना गुरुस्थानी मानले ते गोपाळ कृष्ण गोखले. हैदराबादच्या एका बंगाली घरातली दोन भावंडे महाराष्ट्राच्या राजकारणातल्या दोन टोकांना जाऊन भिडली होती. पुण्यात हा वाद सभा आणि वर्तमानपत्रे यांतून चाले, चट्टोपाध्यायांच्या घरी तो सख्ख्या भावंडांत होता.

मग १९१४ चा ऑगस्ट आला. त्या महिन्याची तारीखवार मांडणी केली तरी घराची फाळणी डोळ्यांपुढे उभी राहते. ४ ऑगस्टला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. ६ ऑगस्टला दक्षिण आफ्रिकेहून निघालेले गांधीजी लंडनमध्ये उतरले. प्रकृतीच्या कारणाने विलायतेत असलेल्या सरोजिनीदेवी त्यांना भेटायला गेल्या आणि त्या दोघांच्या आयुष्यभराच्या मैत्रीचा तो आरंभ ठरला. गांधीजींनी जखमी हिंदी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी विलायतेतील हिंदी तरुणांचे पथक उभारले, त्यात सुमारे ८० जण सामील झाले. लंडनच्या लिसियम या महिला मंडळाने सैनिकांसाठी कपडे शिवण्याचे काम अंगावर घेतले होते. सरोजिनीदेवी त्या मंडळाच्या सदस्य. त्यांनी बेतून कापलेल्या कपड्यांचा ढीग गांधीजींपुढे ठेवला आणि तो शिवून आणण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. गांधीजींनी ते प्रशिक्षणाच्या धांदलीतही पार पाडले.

त्याच दिवसांत वीरेंद्रनाथ जर्मनीत होते. शिक्षणाचे निमित्त करून ते एप्रिलमध्येच पॅरिसहून तिकडे गेले होते. युद्ध सुरू होताच त्यांनी जर्मनीतील हिंदी विद्यार्थी हेरायला आरंभ केला आणि परराष्ट्र खात्याशी संधान बांधले. पूर्वेकडच्या देशांचा अभ्यासक मॅक्स फॉन ओपेनहाईम त्या खात्यात ब्रिटिशविरोधी प्रचाराची आखणी करीत होता. त्यातून बर्लिन कमिटी जन्मली. चंपकरमण पिल्लै, विवेकानंदांचे बंधू भूपेंद्रनाथ दत्त, बरकतुल्ला, हरदयाळ अशी माणसे तिच्यात आली. पैसा आणि शस्त्रे जर्मनीने पुरवावीत, उठाव हिंदी लोकांनी करावा आणि पुढे स्वतंत्र हिंदुस्थानात जर्मनीला राज्यकर्त्याचा कोणताही अधिकार नसावा, अशी कमिटीची धारणा होती. कैसरच्या अधिकाऱ्यांना ती कितपत मान्य होती, हा प्रश्न वेगळा. त्यांचे लक्ष इंग्रजी फौज युरोपबाहेर अडकवून ठेवण्याकडे होते. मुसलमान सैनिकांना धर्माच्या नावाने चेतवावे हा ओपेनहाईमचा हव्यास होता, तर कमिटीतल्या अनेकांना राष्ट्राच्या नावाने सर्वांना एकत्र आणायचे होते. ही कुरबुर अखेरपर्यंत मिटली नाही.

बहीण ज्या शिपायासाठी सदरे शिववून घेत होती, त्याच शिपायाला फोडण्याच्या योजना भाऊ आखत होता. यात कोण राष्ट्रभक्त आणि कोण नव्हे, असा निवाडा करणे सोपे वाटते, पण तो टिकत नाही. सरोजिनीदेवींना साम्राज्याचे प्रेम होते म्हणून त्या सुई घेऊन बसल्या नव्हत्या. गांधीजींप्रमाणे त्यांचीही समजूत अशी होती, की संकटात साथ देणाऱ्या प्रजेचा हक्क राज्यकर्त्यांना नंतर नाकारता येणार नाही. वीरेंद्रनाथांच्या मते राज्यकर्त्यांचे संकट हीच प्रजेची संधी होती. दोघांचेही हिशेब चुकले. बहिणीला त्याची खात्री जालियनवाला बागेत पटली आणि तिने ते पदक परत केले. भावाच्या वाट्याचे अपयश १९१५ सालीच पुढे आले.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पंजाबात ठरलेला गदर पक्षाचा उठाव फितुरीने फसला. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे मार्चमध्ये मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर चढले. अमेरिकेतून शस्त्रे घेऊन निघालेले ‘ॲनी लार्सन’ हे जहाज दुसऱ्या जहाजाची गाठ चुकून अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हाती पडले. ज्यांच्यासाठी ती शस्त्रे यायची होती, ते बाघा जतीन सप्टेंबरात बालासोरपाशी पोलिसांशी झुंजताना प्राणांतिक जखमी झाले. काबूलला गेलेल्या राजा महेंद्र प्रताप व बरकतुल्ला यांनी १ डिसेंबर १९१५ रोजी हंगामी सरकार स्थापले, पण अफगाणिस्तानच्या अमिराने इंग्रजांविरुद्ध पाऊल उचलले नाही.

बर्लिनजवळ वुन्सडॉर्फ येथे जर्मनांनी हिंदी आणि मुसलमान युद्धकैद्यांसाठी खास छावणी उभारली होती. तिथे लाकडी मशीद बांधली, हिंदी आणि उर्दूतून वर्तमानपत्र काढले. जर्मन भाषाशास्त्रज्ञ कैद्यांना भोंग्यासमोर उभे करून त्यांचे आवाज तबकड्यांवर उतरवून घेत. गावाकडच्या गोष्टी, गाणी आणि घरी जाण्याची ओढ त्या तबकड्यांवर आजही ऐकू येते. कमिटीचे लोक छावणीत येऊन कैद्यांना स्वराज्य समजावून सांगत. फार थोडे वळले. खेड्यातून भरती झालेल्या माणसाने मिठाची आण एकदा घेतली होती आणि परक्या देशात, थंडीत, आपल्याच भाषेत बोलणारा एक सुशिक्षित माणूस येऊन ती मोड म्हणतो, यावर त्याचा विश्वास बसेना. मेसोपोटेमियात एप्रिल १९१६ मध्ये कूत येथे इंग्रजी फौज शरण गेली, तीत ११० वी मराठा लाइट इन्फंट्रीही होती. सातारा, कोकण आणि बेळगाव पट्ट्यातली घरे त्यानंतर कितीतरी दिवस तारेची वाट पाहत राहिली. निष्ठेचा प्रश्न त्या घरांपुढे अशा भाषेत कधीच आला नव्हता, महिन्याची मनीऑर्डर आणि माणूस परत येतो की नाही, एवढेच त्यांचे युद्ध होते.

परदेशी आघाड्यांवर गेलेल्या हिंदी माणसांची संख्या दहा लाखांहून अधिक होती आणि त्यांतले सत्तर हजारांहून अधिक परतले नाहीत. सरोजिनीदेवींनी १९१५ साली या मृतांवर एक इंग्रजी कविता लिहिली. तिच्यात कैसरचा धिक्कार नाही आणि राजाचा जयजयकारही नाही. मुले गमावलेली भारतमाता आपल्या दानाचे स्मरण ठेवा, असे जगाला बजावते, एवढाच तिचा आशय. भावाच्या एखाद्या पत्रकाशेजारी ती ठेवली तर दोघांचे दुःख एकाच माणसाविषयीचे होते, हे कळते.

घरातला कर्ता पुरुष याच काळात गेला. अघोरनाथ उतारवयात कलकत्त्यास जाऊन राहिले होते, तिथे २८ जानेवारी १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. थोरला मुलगा शत्रूच्या राजधानीत, ब्रिटिशांच्या वॉरंटाखाली. तो येणे शक्यच नव्हते. तीन आठवड्यांनी, १९ फेब्रुवारीला, पुण्यात गोखले वारले. सरोजिनीदेवींनी महिन्याच्या आत जन्मदाता आणि राजकीय गुरू असे दोन्ही आधार गमावले.

हैदराबादेत निजामाची निष्ठा इंग्रजांकडे होती आणि ती तोंडदेखली नव्हती. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरले, तेव्हा खलिफाविरुद्ध लढणाऱ्या सरकारशी प्रामाणिक राहण्याचे आवाहन मीर उस्मान अली खान यांनी आपल्या मुसलमान प्रजेला केले. राज्याचे घोडदळ इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या आघाडीवर गेले. निजामाच्या देणगीतून इंग्रजी हवाईदलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला विमाने मिळाली, ती ‘हैदराबाद’ तुकडी म्हणून ओळखली गेली आणि १९१८ मध्ये तिने जर्मन शहरांवर बाँब टाकले. बदल्यात निजामाला ‘एक्झॉल्टेड हायनेस’ आणि ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त हे किताब मिळाले. हैदराबादच्या पैशाची विमाने जर्मनीवर आणि हैदराबादचा माणूस जर्मनीच्या मदतीने साम्राज्य उलथू पाहणारा. डॉ. नायडूंची नोकरी याच निजामाकडची होती, हे विसरून चालणार नाही.

गोमंतक या युद्धापासून दूर होता, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नव्हते. १९१४ मध्ये मुरगाव बंदरात जर्मन जहाजांनी आश्रय घेतला होता, कारण पोर्तुगाल तेव्हा युद्धात नव्हता. १९१६ मध्ये पोर्तुगालने आपल्या बंदरांतली अशी जहाजे ताब्यात घेतली आणि ९ मार्चला जर्मनीने त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारले. त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्य तेव्हा पॅरिसमध्ये होते आणि तिथेच त्यांच्या वसाहतविरोधी विचारांची घडण होत होती. राहिली घराच्या फाळणीची गोष्ट. एक भाऊ सरकारी कचेरीत आणि दुसरा आग्वादच्या कोठडीत, अशी घरे गोव्याने मुक्तिसंग्रामाच्या काळात पुष्कळ पाहिली. सणाला एका पंगतीत बसणारी आणि राजकारणाचा विषय निघताच गप्प होणारी ती घरे ज्यांनी जवळून पाहिली, त्यांना चट्टोपाध्यायांचे घर परके वाटू नये.

युद्धकाळात ब्रिटिश हेरांनी वीरेंद्रनाथांचा पिच्छा सोडला नाही. स्वित्झर्लंडमध्ये त्यांना गाठण्यासाठी सापळे रचले गेले. त्या हेरखात्यात काम केलेला लेखक सॉमरसेट मॉम याने १९२८ मध्ये ‘ॲशेंडन’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. त्यातला चंद्रलाल हा हिंदी क्रांतिकारक वीरेंद्रनाथांवरून बेतला आहे, असे अभ्यासक मानतात. कथेत स्त्रीच्या मोहाने तो सापळ्यात सापडतो आणि विष घेतो. प्रत्यक्षातला माणूस सापळ्यातून निसटला. १९१७ मध्ये ते स्टॉकहोमला गेले आणि तिथे हिंदी राष्ट्रवाद्यांचे कार्यालय चालवू लागले. जर्मनी हरणार, हे त्यांनी वेळीच ओळखले होते. हरदयाळ तर जर्मनांवर इतके रुसले की १९२० साली त्यांनी ब्रिटिश राज्याचे गुण गाणारे पुस्तकच लिहिले. त्यामुळे निष्ठा बदलणे हा केवळ कुटुंबांचा रोग होता असे नाही, एकेका माणसाच्या आतही ती फाळणी होत होती.

वीरेंद्रनाथ बदलले ते दुसऱ्या दिशेने. रशियात क्रांती झाली होती. १९२१ मध्ये ते एक शिष्टमंडळ घेऊन मॉस्कोला गेले. त्यात वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे होते, भूपेंद्रनाथ दत्त होते आणि ॲग्नेस स्मेडली ही अमेरिकन लेखिकाही होती. मानवेंद्रनाथ रॉय तिथे आधीच पाय रोवून होते आणि हिंदुस्थानातल्या क्रांतीचा मार्ग कोणता, यावर दोघांचे जमले नाही. शिष्टमंडळ रित्या हाताने परतले. खानखोजे पुढे मेक्सिकोत जाऊन कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. वीरेंद्रनाथ बर्लिनला आले.

स्मेडलीबरोबरचा त्यांचा संसार हा या चरित्रातला सर्वांत दुखरा भाग. वीरेंद्रनाथांनी १९१२ मध्ये एका आयरिश कॅथलिक तरुणीशी लग्न केले होते. ते टिकले नाही आणि कायद्याने सुटलेही नाही. त्यामुळे स्मेडली आणि ते लग्नाविना पतिपत्नी म्हणून राहिले. घरात सतत हिंदी विद्यार्थी, फरारी, पाहुणे. पैसा नाही. तिच्या मनाला व्याधी जडली, ती मानसोपचारांपर्यंत गेली. १९२८ मध्ये ती त्यांना सोडून चीनला निघाली आणि १९२९ मध्ये आलेल्या तिच्या ‘डॉटर ऑफ अर्थ’ या कादंबरीत त्या दिवसांची दाहकता उतरली. देशासाठी घर सोडलेल्या माणसाने दुसरे घर उभारले, तर त्यात राहणाऱ्या बाईला काय सोसावे लागते, याचा हिशेब क्रांतिकारकांच्या चरित्रांत सहसा मांडला जात नाही. वीरेंद्रनाथांच्या बाबतीत तो मांडला गेला, तो ती बाई स्वतः लेखणी चालवणारी होती म्हणून.

फेब्रुवारी १९२७ मध्ये ब्रुसेल्स येथे साम्राज्यविरोधी परिषद भरली आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या संघाचे वीरेंद्रनाथ चिटणीस झाले. काँग्रेसच्या वतीने जवाहरलाल नेहरू परिषदेस आले होते. युरोपात भेटलेल्या जुन्या क्रांतिकारकांविषयी नेहरूंनी आत्मचरित्रात लिहिले आहे. त्यांतल्या बहुतेकांबद्दल त्यांचे मत फारसे चांगले नाही, वीरेंद्रनाथांच्या बुद्धीची आणि स्वभावाची मात्र त्यांनी मोकळी वाखाणणी केली आहे. या सुमारास बहीण काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवून मोकळी झाली होती. कानपूरचे ते अधिवेशन १९२५ चे. १९३० मध्ये धारासणाच्या मिठागरांवर तिने सत्याग्रहींचे नेतृत्व केले. म्हणजे दोघेही आता साम्राज्याविरुद्ध उभे होते. तरी अंतर मिटले नाही. तिचा मार्ग गांधीजींचा, त्याचा कम्युनिस्ट इंटरनॅशनलचा. १९२८ नंतर त्या इंटरनॅशनलने गांधीजींवर टीकेची धार वाढवली आणि वीरेंद्रनाथांना आपल्या बहिणीच्या पक्षाविरुद्ध लिहिणाऱ्यांच्या पंक्तीत बसावे लागले.

धाकटी बहीण सुहासिनी भावाच्या वाटेने गेली. तिने पत्रकार ए. सी. एन. नंबियार यांच्याशी लग्न केले, बर्लिनमध्ये राहिली, मॉस्कोत शिकली आणि परत येऊन मुंबईच्या कामगार चळवळीत उतरली. पुढे तिने मराठी कम्युनिस्ट कार्यकर्ते र. म. जांभेकर यांच्याशी संसार थाटला. भावांत सर्वांत धाकटा हरींद्रनाथ कवी आणि नट. त्याची पत्नी कमलादेवी समाजवादी चळवळीतली अग्रणी. सरोजिनीदेवींचा मुलगा जयसूर्य बर्लिनला जाऊन डॉक्टर झाला आणि १९५२ मध्ये काँग्रेसविरोधी डाव्या आघाडीतर्फे मेदकमधून लोकसभेवर निवडून आला. मामाच्या शहरात शिकलेला भाचा आईच्या पक्षाविरुद्ध जिंकला.

हिटलर सत्तेवर येण्याआधीच, १९३१ च्या सुमारास, वीरेंद्रनाथ सोव्हिएत देशात गेले. लेनिनग्राडच्या मानववंशशास्त्र संस्थेत त्यांना काम मिळाले. तिथली संशोधक लिदिया करुनोव्स्काया हिच्याशी त्यांनी संसार मांडला. पन्नाशी उलटली होती. पुस्तके, भाषा, विद्यार्थी असे ते दिवस होते आणि भटकंती संपली असे वाटण्याजोगी ती जागा होती. जुलै १९३७ मध्ये त्यांना अटक झाली. परदेशी क्रांतिकारक हेर असल्याच्या संशयाने त्या वर्षी हजारोंच्या संख्येने उचलले जात होते आणि ज्याने आयुष्यात कधीकाळी जर्मनांशी हातमिळवणी केली होती, त्याची सुटका होण्याची शक्यता नव्हती. देहदंडाच्या ज्या यादीवर स्टालिन आणि मोलोतोव्ह यांच्या सह्या आहेत, तीत त्यांचे नाव होते. २ सप्टेंबर १९३७ रोजी लष्करी न्यायासनाने शिक्षा फर्मावली आणि त्याच दिवशी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. इंग्रजांच्या हेरांना पंचवीस वर्षे जो सापडला नाही, त्याला ज्या क्रांतीवर त्याने भरवसा ठेवला तिनेच संपवले.

घराची फाळणी त्याच्या मृत्यूने थांबली नाही. दुसऱ्या महायुद्धात तिची पुनरावृत्ती झाली. सुभाषचंद्र बोस बर्लिनला पोचले, तेव्हा त्यांच्या आझाद हिंद केंद्राची धुरा पुढे सांभाळणारे नंबियार हे सुहासिनीचे पूर्वीचे पती. सोव्हिएत भूमीवर हल्ला झाल्यानंतर हे लोकयुद्ध आहे, असे म्हणून सरकारच्या युद्धप्रयत्नांना साथ देणाऱ्या कम्युनिस्ट पक्षात सुहासिनी. आणि ऑगस्ट १९४२ मध्ये युद्धाला विरोध केल्याबद्दल अटक होऊन पुण्याच्या आगाखान राजवाड्यात गांधीजींबरोबर कैदेत असलेल्या सरोजिनीदेवी. एकाच घराची माणसे पुन्हा तीन छावण्यांत विखुरली होती, फक्त या वेळी वीरेंद्रनाथांची जागा रिकामी होती.

सरोजिनीदेवी स्वतंत्र भारतात संयुक्त प्रांताच्या राज्यपाल झाल्या आणि २ मार्च १९४९ रोजी लखनौत वारल्या. भावाच्या मृत्यूची नेमकी तारीख तोवर भारतात कोणालाच कळलेली नव्हती.